सातवी वही

अनिताबाई गेल्याचं तस्नीमला रोह्यात सकाळी सव्वादहाला कळलं. त्या वेळी ती एका मुलासमोर बसली होती. मुलगा शर्टाची बटणं लावत होता. तिने फोन पालथा ठेवला, पाचही बटणं लागेपर्यंत ती थांबली, वहीत खुणा केल्या आणि मग पेणची एसटी धरली. पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"बाईंनी एवढं शिकवलं, नि तोंड बघायला पण वेळेवर आली नाय," शेजारची कृष्णाबाई बोललीच. महिपतीने मात्र उशिराचं कारण ऐकून मान डोलावली.

"बरं केलंस गो. अर्ध्यात उठली असतीस तर तिला आवडलं नसतं."

अनिता त्याची बायको. विशेष मुलांच्या शिक्षणावर पीएच.डी. करणाऱ्यांची ती मार्गदर्शक होती, तस्नीमचीही. महिपती नागोठण्याला कंपनीत फिटर, तेहतीस वर्षं शिफ्ट करून निवृत्त झालेला माणूस. तिची पुस्तकं त्याला कळली नाहीत, पण तिची पद्धत तोंडपाठ होती, कारण विद्यार्थी त्याच्याच घरात येऊन बसत. जे शिकवायचं त्याच्या पायऱ्या करायच्या. मुलाने आपली आपण पायरी केली तर बरोबरची खूण. मदत लागली तर 'म'. नुसती नजरेने सूचना दिली तरी 'म'च.

पहिल्या वर्षी तस्नीमने एका मुलाच्या वहीत पानभर बरोबरच्या खुणा आणल्या. अनिताबाई रोह्याला गेल्या, तासभर कोपऱ्यात बसल्या आणि म्हणाल्या, तू मान हलवतेस, तो तुझी मान बघून करतो. तीन महिन्यांचं काम बाद. तस्नीम रडली, पण दुसऱ्या दिवशी नवी वही घेऊन बसली. तोच मुलगा आता एकटा बेकरीत जाऊन पाव आणतो.

"तू नसताना तो काय करील, तेवढं लिही," बाई सगळ्यांना सांगायच्या.

अनिता कामात असली की तिला घरचं भान नसे, हे महिपती कौतुकाने सांगायचा. गेल्या श्रावणात गागोद्याला भावाकडे गेली, ती फोन करायलाच विसरली. तो दिवसभर दोन ताटं झाकून बसून होता. स्वयंपाकघरही वर्षभरात त्याच्याकडे आलं होतं. हात दुखतो म्हणायची. खरं दुखणं काय ते तिला वर्षभर ठाऊक होतं. त्याला शेवटचे दोन महिने.

तेरावं झाल्यावर तस्नीम पुन्हा आली. तिच्या प्रबंधातली सहा मुलं पूर्ण झाली होती. बाईंच्या कपाटात मात्र सातवी वही निघाली, बाईंच्याच अक्षरातली. वर लिहिलं होतं, 'क्रमांक सात, पेण'. नाव लिहायचं नाही आणि वहीतलं बाहेर बोलायचं नाही, हा बाईंचा नियम. महिपतीने कधी कुठली वही उघडली नव्हती. ही पण त्याने तशीच तस्नीमच्या हातात दिली.

दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"काका, याची शेवटची पायरी राहिलीय. बाईंनी कुठलंच मूल अर्ध्यात सोडलं नाय कधी. ते कुठंतरी वाट बघत असेल. घर तेवढं शोधून द्या, पुढचं मी शिकवते."

अनितासाठी करण्यासारखं एवढंच काम उरलं होतं. महिपतीने स्कूटर काढली. वडखळपर्यंत गेला, खाडीकडच्या वाड्या बघितल्या, गणपतीचे कारखाने पालथे घातले. एका कारखान्यात बावीस वर्षांची मुलगी मूर्तीच्या मुकुटाला सोनेरी रंग देत होती. तिचा बाप म्हणाला, हिला ब्रश धरायला शिकवताना बाईंना दीड वर्ष लागलं, पण आता लोक मला हिच्यामुळे ओळखतात. अशी माणसं रोज भेटत. बाईंचं नाव घेताना खुर्ची पुढे करत. शिकवणं अर्ध्यात राहिलेला क्रमांक सात मात्र कुणाच्या घरी नव्हता.

घरी आला की महिपती भात टाकायचा आणि शेजारच्या केरूला हाक मारायचा. भात जास्त झालाय, ये.

"रोज बरा जास्त होतो तुझा भात," केरू म्हणायचा आणि पाट ओढायचा.

पंधरा दिवसांनी तस्नीम वही घेऊन आली. आज बाईंचा नियम मोडते म्हणाली. ऐकून तरी काका ओळखतील. वयाचा रकाना कोरा आहे, पण शिकवलंय त्यावरून मूल मोठं असावं. महिपतीने भाताच्या पातेल्याशेजारी चहासाठी दूध गॅसवर ठेवलं. ते वर येईपर्यंत तो समोरून हलला नाही. तस्नीम मागून वाचत होती.

"'गॅस पेटवणं. तीन काड्या. म.' मग पुढे, 'दूध. उतू गेलं. म.' हे सहा वेळा आहे. मग, 'दूध. उतू गेलं. मला हाक न मारता ओटा पुसला.' आणि मग बरोबरची खूण. भात, औषधं, कपडे, सगळं जमलंय त्याला. अकरा पायऱ्या. किती चिकाटीचं पोर असेल हे, काका."

"बारावी?" महिपतीने विचारलं.

"'एकट्याने जेवणं.' सगळीकडे म. आणि ही शेवटची नोंद." तस्नीमने पान उलटलं. "'मुद्दाम गागोद्याला राहिले. फोन केला नाही. दिवसभर दोन ताटं झाकून बसला.'"

दूध वर आलं. महिपतीने गॅस बंद केला.

"बघा ना, बाईंवर केवढा जीव त्याचा," तस्नीम म्हणाली. "कोण असेल?"

महिपतीने भाताचं पातेलं उतरवलं आणि पहिल्यांदाच केरूला हाक मारली नाही. तस्नीमला म्हणाला, वही ठेवून जा. घर सापडलंय, पण बारावी पायरी अजून व्हायची आहे.