तेरावा कागद

"आरोपीच्या बाजूचा कागदही चार्जशीटला जोडायचा," सरपोतदार मॅडमनी सकाळपासून चौथ्यांदा सांगितलं. सरावासाठी त्यांनी प्रत्येक तपास अधिकाऱ्याला तेरा कागद दिले होते. सगळ्यांनी जोडले बाराच. आरोपी घटनेच्या वेळी दवाखान्यात होता, हे सांगणारा केसपेपर प्रत्येकाने गाळला होता.

"पालथ्या घड्यावर पाणी," मॅडमनी गठ्ठा टेबलावर आपटला. "हा शहाणपणा तुम्हाला शिकवला कुणी?"

निवृत्तीला आलेले फौजदार ढोबळे मागच्या बाकावरून उठले. "तुम्हीच, मॅडम. तुम्ही सरकारी वकील होतात, तेव्हा मी असाच कागद जोडला होता. तुम्ही तो काढून माझ्या हातात दिलात. म्हणालात, केस बुडवायचीय का?"

मॅडमचा आवाज खाली आला. "आणि तो आरोपी?"

"अजून आत आहे."