काडप्पाची खिंड

काडप्पा खिंडीतून हलायला तयार नव्हता आणि त्याच्यापायी सगळ्यांचा रविवार अडकला होता.

खिंड मल्लेश्वरमला, शिवकुमारच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर होती. दोन तांब्यांमधली फट म्हणजे खिंड, आणि फटीत ठेवलेली सुपारी म्हणजे काडप्पा. समोर कॅरमच्या तीन सोंगट्या: अजितचा सरदार, शिवकुमारचा जादूगार आणि त्याची बहीण रंजिता हिची चोरटी. एकेका पात्राच्या तोंडून बोलत खेळायच्या या खेळाचं नियमांचं पुस्तक आणि बहुकोनी फासे शिवकुमारच्या मित्राने अमेरिकेहून आणून दिले होते. बाकीचा सगळा मुलूख स्वयंपाकघरातून यायचा.

खेळ मुग्धा चालवायची. राजे, भुतं, दरोडेखोर, जी पात्रं कुणाही खेळाडूची नाहीत ती सगळी तिची. तिच्यापुढे कॉम्प्युटरच्या खोक्याचा पुठ्ठा उभा असे आणि त्याच्याआड ती फासे टाकी. एकदा तिच्या खाष्ट राणीचा टोमणा रंजिताने इतका मनाला लावून घेतला की ती जेवलीच नाही. तेव्हापासून नियम झाला. पुठ्ठा उभा आहे तोवर मुग्धा जे बोलेल ते पात्राचं, त्याचा राग धरायचा नाही. पुठ्ठा आडवा झाला की बोलणारी मुग्धा.

काडप्पा तिने मन लावून घडवला होता. पुस्तकातले रानटी नुसते आरडाओरडा करत यायचे आणि कुऱ्हाड फिरवत मरायचे. रानटी झाला म्हणून काय त्याला स्वतःचं मत नसतं? तिचा रानटी कमी बोलायचा, खोटं बोलायचा नाही आणि काही मागायला आलेल्याच्या हातचं खायचा नाही. नाव शिवकुमारने ठेवलं. कन्नडात काडु म्हणजे रान.

आजचा खेळ शेवटचा होता. अजित आणि मुग्धाचं लग्न मार्गशीर्षात, पुण्याला. अजितची बदलीही तिकडेच झाली होती. मुग्धाने नोकरी सोडायची आणि सासरी राहायचं, असं ठरलं होतं. मुग्धाला विचारलं होतं, नाही असं नाही, पण सगळं ठरून गेल्यावर. ती "बघू" म्हणाली. बघू म्हणजे होच, असं अजितने घरी कळवून टाकलं. राजीनामा उद्या द्यायचा होता.

"हे बघ काडप्पा," अजितने सोंगटी पुढे सरकवली, "लॉजिकली विचार कर. आम्ही तिघं, तू एकटा. कुऱ्हाड खाली ठेव. महाराज तुला राजवाड्यात जागा देतील."

"जागा माझ्याकडे आहे," मुग्धा काडप्पाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तू उभा आहेस ना, तीच."

शिवकुमार खो खो हसला. "बरोबर बोलायलाय की रे तो!"

"तू कुणाच्या बाजूने आहेस?" अजित वैतागला.

शिवकुमारच्या जादूगाराने मंत्र टाकला, तो फुकट गेला. रंजिताची चोरटी पाठीमागून जायला निघाली, तर काडप्पाने तिला नावाने हाक मारून परत पाठवलं. शेवटी अजितने बोटातली साखरपुड्याची अंगठी काढली आणि सुपारीपुढे ठेवली.

"हे महाराजांचं सोन्याचं कडं. हे घाल, मान झुकव, आणि आम्हाला जाऊ दे. एवढा मान कुठल्या रानटी माणसाला मिळत नाही."

मुग्धा अंगठीकडे बघत राहिली.

"स्वल्प थांबा," म्हणत रंजिता उठली आणि कॉफी घेऊन आली. सोबत निप्पट्टूची, तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या कडक पुऱ्यांची, बशी. टेबलावर जागा कुठली? मुग्धाने फासे उचलले, पुठ्ठा मिटून खुर्चीखाली सरकवला, तांबे जरा मागे केले आणि पेल्यांना जागा करून दिली.

अजितने बशी तिच्यापुढे धरली. तिने हात लावला नाही.

"काडप्पा खात नाही!" शिवकुमारने टाळी वाजवली. "सरी, सरी, बरोबर! लक्षात आहे हां हिच्या."

"बरं, मग शेवटचं विचारतो," अजित निप्पट्टू कुडुमकुडुम चावत म्हणाला. "झुकतोस की नाही?"

"नाही."

आवाज आता घोगरा नव्हता.

"मी इथून हलणार नाही. माझं काम इथे आहे. मला न विचारता माझ्या वतीने हो म्हणून आलात, ते हो परत घ्या. प्रेमाने बोलावलं असतं तर कदाचित चालत आले असते. पण हे बोलावणं नाही, हा हुकूम आहे, आणि हुकूम मी ऐकत नाही."

"भले!" शिवकुमार ओरडला. "मोडेन पण वाकणार नाही!"

अजितलाही मजा वाटत होती. "आणि महाराजांना काय सांगू?"

"हेच सांग. शब्द बदलू नकोस." मुग्धाने आपल्या बोटातली अंगठी काढली आणि त्याच्या अंगठीशेजारी ठेवली. "आणि हेही परत ने."

"दोन कडी? महाराजांनी तर एकच पाठवलं होतं!" अजित मनापासून हसला. त्याने आपली सोंगटी मागे घेतली. "चला, हरलो बाबा. काडप्पा जिंकला. एवढं ऐकून घेतलं, पण राग नाही, नियम म्हणजे नियम. घे, अंगठी घाल."

मुग्धाने कॉफीचा पेला उचलला आणि शांतपणे एक घोट घेतला.

रंजिता मघापासून हसत नव्हती. तिने वाकून खुर्चीखाली पाहिलं.

"अजितअण्णा," ती हळूच म्हणाली, "मी कॉफी आणली तेव्हाच पुठ्ठा आडवा झालाय की."