शनिवारी क्वेबेकला

डार्सीला जन्मतःच दत्तक दिलं होतं. सेहेचाळीस वर्षांनी तिला आईचा ठावठिकाणा लागला. आईचं नाव जिनेट, राहायला क्वेबेक शहरात, जुन्या तटबंदीच्या आत. शनिवार-रविवार तिकडे जायचं ठरलं. किंग्स्टनच्या घरी डार्सी पलंगभर कपडे पसरून उभी होती.

"दोन दिवसांसाठी एवढे?" नवरा ओवेन म्हणाला. "आईला भेटायला चाललीयेस की राणीला?"

"गप रे. निळा बरा दिसेल की करडा?"

तेवढ्यात जिनेटचाच फोन आला. ती अगदी दबक्या आवाजात बोलत होती.

"घरी नको येऊस, पोरी. माझ्या लेकीला तुझ्याबद्दल काहीच माहीत नाही, आणि आता या वयात माझ्याच्यानं सांगवणार नाही. शनिवारी दुपारी आम्ही दोघी मोठ्या हॉटेलासमोर, नदीकडच्या बाकावर बसलेल्या असू. मी हिरवी टोपी घालीन."

"मग मी काय करू?" डार्सीनं विचारलं.



"तू सहज फिरत फिरत समोरून ये. मी तुला थांबवून म्हणेन, 'बाई, आम्हा मायलेकींचा एक फोटो काढून देता का?'"