गार हलगी

मंगळवेढ्यात बंडखोर गाण्यांचा महोत्सव होता. पाण्याच्या गाण्यासाठी गोजरबाईंना स्टेजवर सन्मानपत्र मिळालं. त्या हलगी घेऊन गायला उठल्या, तसा आयोजक यज्ञेश्वर त्यांच्या कानाशी लागला.

"मावशी, पाण्याचं गाणं तेवढं नको. साहेब समोर बसलेत."

"त्येच म्हणताना मार खाल्लाय आमी मोर्चात. नळाला पाणी आलं का अजून?"

"तो आपला वारसाच आहे हो. पण आज नुसती हलगी वाजवा."

गोजरबाईंनी हलगीवर थाप मारली. आवाज बद्द आला.

"गार पडलीया. जाळावर तापवाय लागंल. कागद हाय का?"

"आता स्टेजवर कुठला कागद?"

"ह्यो हाय की," म्हणत त्यांनी सन्मानपत्राला काडी लावली. हलगी तापली, तशी साहेबांकडं तोंड करून त्यांनी पाण्याचं गाणं उचललं.