बुटकी कमान

"एवढी अवाढव्य रोमन कमान, आणि छापल्यावर बागेचं फाटक वाटतेय!" नवऱ्याने टकलावर हात मारून घेतला. तांब्याच्या पत्र्यावर ती कोरण्यात त्याचा अख्खा हिवाळा गेला होता.

बायकोने कोरणी उचलली आणि कमानीच्या पायथ्याशी मुंगीएवढा टकलू माणूस कोरला.

"अगं, वाटोळं करशील!"

तिने ऐकलंच नाही. पत्र्याला शाई लावली, कोरलेल्या रेघांतली ठेवून वरवरची पुसली, वर ओलसर कागद अंथरला आणि छापयंत्राचं चाक फिरवलं. कागद उचलताच नवरा लहान मुलासारखा उड्या मारू लागला.

"आभाळाला टेकली की गं! कमान वाढवलीस कशी?"

"कमानीला मी हातही लावलेला नाही," ती शाईचे हात पुसत म्हणाली. "तुम्हाला तेवढं लहान केलंय."