दाढी आणि अंतराळयान

माझ्या आवडत्या सिरियलमधलं यान परग्रहावर उतरणार, तेवढ्यात वाहिनीवाल्यांनी ती सिरियल बंद करून टाकली. मी भडकलो आणि साऱ्या मोहल्ल्यासमोर शपथ घेतली, की सिरियल परत सुरू होईपर्यंत दाढी करणार नाही.

बायको अलकनंदा म्हणाली, "हौ, ठेवा. तुमच्या दाढीले घाबरूनच चालू करतीन ते."

सात वर्षांत दाढी छातीपर्यंत आली. बैहरच्या बसमध्ये लोक 'महाराज' म्हणून उठून जागा देऊ लागले. बुवाबाजीवर जळजळीत लेख लिहिणारा मी; पाया पडणाऱ्यांना सुरुवातीला "अरे, नको नको" म्हणायचो. पुढे पुढे नुसता हात वर करू लागलो.

काल सकाळी दोन बाया नारळ घेऊन माझ्यासमोर बसल्या होत्या. तेवढ्यात अलकनंदा मोबाइल नाचवत आतून आली.

"अजी, तुमची ते यानवाली सिरियल परत येऊन राह्यली! उठा, न्हाव्याकडे जा आता!"

बाया माझ्याकडे पाहू लागल्या.

मी डोळे मिटले आणि बायकोला शांतपणे विचारलं, "कोणती सिरियल, माताजी?"