पाचव्या खिडकीसमोरचा खांब

हॅल्डन हॉलसमोरचा लोखंडी कठडा लढाईच्या कामी कापून न्यायला माणसं आली, त्याच्या दुसऱ्या दिवशीही मेजर लायनेल ठरल्या वेळी टोपी घालून पायऱ्या उतरले.

"आज माझा हात धर," त्यांची बायको विनिफ्रेड म्हणाली. "पायऱ्यांपासून चौथ्या खांबापर्यंतचं सगळं कापून नेलंय."

"घरासमोर फिरायला हात कशाला? जत्रेत हरवणार आहे का मी?"

मेजरांचे डोळे मागच्या महायुद्धात गेले होते. लग्न त्यानंतरचं. बायकोला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, पण सकाळी ती कुठे उभी असते ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे घर ज्याने बांधलं तो माणूस भलता काटेकोर. समोरच्या प्रत्येक खिडकीच्या बरोब्बर मध्यावर त्याने कठड्याचा एक जाड खांब उभा केला होता, आणि अधेमधे बारीक गज. मेजरांची काठी गजांवरून टकटक करत जायची, खांबाला लागली की आवाज जड व्हायचा. पाचवा जड आवाज आला की ते थांबत, घराकडे वळत आणि टोपी उचलत. पाचव्या खिडकीत विनिफ्रेड असे. ती अंगठीने काच वाजवी. इतकंच. इतक्या वर्षांत दोघांनी याविषयी चकार शब्द काढलेला नव्हता.

खरं तर सरकारने हा कठडा मागितलाही नव्हता. लोखंड गोळा करण्याच्या हुकमातून जुनी, नावाजलेली घरं वगळली होती. पण मेजरच म्हणाले होते, "गावातल्या बायकांनी लढाईसाठी चुलीवरची पातेली दिली, आणि आपण दारात हे लोखंडी भाले मिरवायचे?"

आता त्यांची काठी पुढे गेली ती हवेतच फिरली. ते क्षणभर अडखळले, मग ताठ मानेने, अंदाजाने चालू लागले. मुकादम गार्साइड पाचव्या खांबाला करवत लावून बसला होता. कालचा टोपीचा प्रकार त्याने पाहिला होता. त्याने हात थांबवला.

मेजर थांबले. घराकडे वळले. टोपी उचलली.

समोर तिसरी खिडकी होती, आणि ती मुळात खिडकीच नव्हती. खिडक्यांवर कर बसायचा त्या काळात कुणीतरी ती विटांनी बुजवली होती आणि समोरून घर काणं दिसू नये म्हणून वर चौकट आणि काचा रंगवून घेतल्या होत्या. त्या रंगवलेल्या काचांसमोर मेजर टोपी हातात धरून उत्तराची वाट पाहत राहिले. एक कामगार फिसकन हसला. गार्साइडने त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याचं हसू जागीच विरलं.

पाचव्या खिडकीतून विनिफ्रेड हे पाहत होती. काच वाजवावी तर आवाज भलतीकडून येणार आणि आपण भिंतीला टोपी उचलली हे लायनेलला कळणार. न वाजवावी तर आज ती आलीच नाही, असं त्याला वाटणार. हे तिला जास्त वाईट वाटलं. तिने काच वाजवली.

मेजरांनी मान वळवली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. टोपी तशीच हातात घेऊन ते आवाजाच्या रोखाने चालत आले. काठी पाचव्या खांबाला लागली.

"मुकादम, मघाशी कुणाला सलाम केला मी?"

"रंगवलेल्या खिडकीला, मेजरसाहेब."

"तरीच! आमच्या बाईसाहेब एवढा वेळ गप्प राहायच्या नाहीत." ते हसले, पण खांबावरचा हात काही काढेनात. "असो. करा तुमचं काम. उद्यापासून मी हात धरूनच फिरेन म्हणतो."

गार्साइडने खांबाकडे पाहिलं, खिडकीतल्या बाईंकडे पाहिलं, आणि करवत काढून घेतली.

"हा निघायचा नाही, साहेब. जुन्या लोकांनी शिसं ओतून बसवलाय, आणि आमची करवत पडली बोथट. इथेच दिवस मोडेल. आम्ही पुढचे घेतो."

"सगळा कठडा द्यायचा ठरलं होतं."

"ठरलं होतं हो. पण ते करवतीला कोण सांगणार?"

माणसं सहाव्या खांबाशी गेली. तोही शिसं ओतूनच बसवलेला. तीच करवत त्याला लागली आणि बघता बघता तो आडवा झाला. मागोमाग सातवा.

मेजरांचे डोळे गेले होते, कान नव्हते. पाचव्या खांबाला हात लावून ते ऐकत राहिले. मग घराकडे वळून त्यांनी पुन्हा टोपी उचलली. काच लगेच वाजली.

"विनी," त्यांनी हाक मारली, "या मंडळींना चहा पाठव. आपल्या रेशनची साखर घाल त्यात. बोथट करवतीने काम करायचं म्हणजे काही गंमत नाही!"